फायटिंग गेमला आर्केड स्टिकच लागते, असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील व्हिडिओ गेमवरच्या लेखात ‘फायटिंग गेम मनापासून खेळायचा तर आर्केड स्टिकला पर्याय नाही’ असे ठाम विधान आहे. आर्केड स्टिक म्हणजे दांडा आणि मोठी बटणे बसवलेले खोके. लेख एरवी चांगला उतरला आहे. पण असली वाक्ये वाचून लोक अवजड, महाग स्टिक घेतात, हात बसत नाही म्हणून वैतागतात आणि शेवटी खेळच सोडून देतात. कंट्रोलर निवडताना नेमके काय पाहायचे आणि फसगत कुठे होते, हे सविस्तर सांगावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, पण विषय बारकाव्यांचा आहे.

स्टिकचा हा मान इतिहासातून आला. १९९१ मध्ये ‘स्ट्रीट फायटर २’ आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दुकानांत, आला तेव्हा यंत्रावर प्रत्येक खेळाडूसाठी एक दांडा आणि सहा बटणे होती. खेळणाऱ्याला निवडीचा प्रश्नच नव्हता. त्या पिढीचे हात दांड्यावर घडले आणि घरात कन्सोल आल्यावरही त्यांनी दांडाच मागितला. त्यांच्यासाठी ते योग्यच होते. ज्यांचे हात आर्केडमध्ये घडलेच नाहीत, त्यांना मात्र दांड्याचा आपोआप काही फायदा मिळत नाही. २०१४ च्या इव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेत ‘अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४’चे विजेतेपद फ्रान्सच्या ‘लफी’ या खेळाडूने पहिल्या प्लेस्टेशनच्या साध्या, दोन्ही हातांत धरायच्या पॅडवर खेळून मिळवले. आज मोठ्या स्पर्धांत पॅड, स्टिक आणि बिनदांड्याचे लिव्हरलेस अशी तिन्ही साधने शेजारी शेजारी दिसतात.

कंट्रोलरचे काम काय, ते आधी पाहू. फायटिंग गेम सेकंदाला ६० फ्रेम (चित्रे) या गतीने चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.६७ मिलिसेकंदांची. प्रत्येक फ्रेमला गेम विचारतो: दिशा कोणती, बटण कोणते? दिशा सांगण्यासाठी खेळाडू कीबोर्डच्या अंकपट्टीचे आकडे वापरतात. मधला ५ म्हणजे काहीच न दाबणे, २ खाली, ८ वर, ४ मागे, ६ पुढे आणि कोपऱ्यांत १, ३, ७, ९ हे तिरके. आपले पात्र उजवीकडे तोंड करून उभे आहे असे धरायचे. ‘स्ट्रीट फायटर’मधला हदोकेन हा दूरवर फेकायचा गोळा म्हणजे २-३-६ आणि पंच. शोर्युकेन हा उसळून मारायचा ठोसा म्हणजे ६-२-३ आणि पंच. अर्धवर्तुळ ४-१-२-३-६. गाइलसारख्या चार्ज पात्राला, म्हणजे दिशा धरून ठेवून हल्ला करणाऱ्याला, ४ काही वेळ धरून ठेवून मग ६ आणि पंच; हा त्याचा सोनिक बूम. झांगीफ या कुस्तीवीर पात्राला दिशांची पूर्ण फेरी.

या सगळ्यात बिघडतात ते बहुतेक वेळा तिरके कोन. २-३-६ मधला ३ निसटला, तर हदोकेन न येता साधा ठोसा जातो, आणि समोरचा तेवढ्यात उडी मारून अंगावर येतो. म्हणून कंट्रोलर पारखताना माझ्या मते पहिला प्रश्न एकच: याच्या दिशादर्शक भागावर माझ्या बोटांतून ३ आणि १ दर वेळी स्वच्छ निघतात का? बटणांचा दर्जा, दिवे, चित्रे, वजन हे सगळे त्यानंतर.

दुसरा प्रश्न गेमचा. ‘स्ट्रीट फायटर ६’ क्लासिक पद्धतीने खेळायचा तर हल्ल्याची सहा बटणे लागतात: तीन पंच, तीन किक, प्रत्येकी हलका, मध्यम आणि जड. शिवाय ड्राइव्ह पॅरी या बचावासाठी दोन्ही मध्यम आणि ड्राइव्ह इम्पॅक्ट या हल्ल्यासाठी दोन्ही जड बटणे एकदम दाबायची असतात. ‘टेकन ८’ मध्ये चार बटणे, चार हातापायांची. ‘गिल्टी गियर स्ट्राइव्ह’ मध्ये पाच. सहा बटणांच्या गेमला चार दर्शनी बटणांचे पॅड कमी पडते, तसे टेकनला पडत नाही. आणि ‘स्ट्रीट फायटर ६’ मॉडर्न पद्धतीने खेळणार असाल, तर विशेष हल्ले एका बटणावर येतात (त्या सोप्या मार्गाने मारल्यास नुकसान २० टक्के कमी होते). ही पद्धत पॅड डोळ्यांसमोर ठेवूनच बेतलेली आहे. तिच्यासाठी वेगळे काही विकत घेण्याची मुळीच गरज नाही.

‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ची गोष्ट निराळी. तिथे दांडी हळू कलवली तर एक हल्ला, झटक्यात कलवली तर दुसरा. त्यासाठी बहुतेकांना अंगठ्याने कलवायची अॅनालॉग दांडी लागते, म्हणून तिथले अनेक खेळाडू आजही गेमक्यूबचा कंट्रोलर हट्टाने वापरतात. या पत्रातले पुढचे बोलणे त्या गेमला लागू नाही.

कन्सोलसोबत आलेल्या पॅडपासूनच सुरुवात करावी, असे मी प्रत्येकाला सांगतो. दिशा डी-पॅडवर, म्हणजे पॅडवरच्या अधिकच्या आकाराच्या दिशाबटणावर, द्यायच्या, अॅनालॉग दांडीवर नाही. अॅनालॉग दांडीला मध्यापासून काही अंतर असे असते की तिथे ती कलली तरी गेम दिशा धरत नाही. त्यात तिचा प्रवास लांब, आणि ४ वरून ६ वर जाताना अख्खा मध्य ओलांडावा लागतो. शिवाय आत घासून चालणारे पोटेन्शिओमीटर असेल तर काही काळाने हात न लावताही दिशा सरकू लागते. हॉल इफेक्ट सेन्सरच्या दांड्या चुंबकावर चालतात, त्यामुळे त्यांत ही झीज होत नाही; पण लांब प्रवासाची अडचण त्यांच्यातही तशीच राहते.

डी-पॅडवर अंगठा उचलून उचलून दाबू नये. अंगठ्याचे पेर मध्यावर टेकवून तो २ कडून ६ कडे लोळवायचा, म्हणजे ३ आपोआप लागतो. प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्सवर वरून चार सुट्या पाकळ्या दिसतात, पण खाली तुकडा एकच आहे, त्यामुळे लोळवणे जमते. एक्सबॉक्स सीरिजच्या पॅडवर बशीसारखा खोलगट डी-पॅड आहे; त्याचा टकटक आवाज मोठा, पण कोपरे बोटाला स्पष्ट कळतात. अंगठा दुखतो, कडेला फोड येतो, तो बहुधा गरजेपेक्षा जोर लावल्याने. जोर लावला की आणखी एक घोळ होतो: अंगठ्याची वरची कड ८ च्या बाजूला लागते आणि हदोकेनच्या शेवटी ६ ऐवजी ९ जातो. पात्र उडी मारते. खेळाडूला वाटते पॅड खराब आहे.

नेहमीच्या पॅडची खरी अडचण आर२ ला आहे. पॅडच्या वरच्या कडेला उजवीकडे आर१ आणि त्याखाली आर२ असतो, डावीकडे तसेच एल१ आणि एल२. ‘स्ट्रीट फायटर ६’ मध्ये चार दर्शनी बटणांवर हलके आणि मध्यम हल्ले बसतात, जड पंच आर१ वर आणि जड किक आर२ वर जाते. आर२ हा ट्रिगर आहे, बटण नाही. तो बराच आत गेल्यावर नोंद होते, आणि सोडतानाही तेवढाच बाहेर यावा लागतो. कॉम्बोत, म्हणजे सलग हल्ल्यांच्या मालिकेत, जड किक दर वेळी किंचित मागे पडते ती यामुळे. उपाय दोन. गेमच्या सेटिंगमध्ये जड किक एल१ वर घ्यावी आणि ट्रिगरवर क्वचित लागणारे काही ठेवावे. प्लेस्टेशन ५ वर ट्रिगरचा अडथळा देणारा परिणाम कन्सोलच्या सेटिंगमधून बंदही करता येतो. नाहीतर दर्शनी भागावर सहा बटणे असलेला फायटपॅड घ्यावा. माझ्या पाहण्यात, क्लासिक पद्धतीने खेळणाऱ्या नवख्याला फायटपॅडइतका फायदा दुसऱ्या कुठल्याच खरेदीतून होत नाही, आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही याचे वाईट वाटले.

आता स्टिक. तिचे चार भाग समजून घेतले की जाहिरातीतली विशेषणे आपोआप गळून पडतात: लिव्हर म्हणजे दांडा, त्याखालचे चार मायक्रोस्विच, प्रवास अडवणारी चौकट म्हणजे गेट, आणि बटणे. सान्वा कंपनीचा जेएलएफ हा सर्वात रुळलेला लिव्हर. त्याला ३५ मिलिमीटरचा गोळा आणि चौकोनी गेट असतो. बटणे ३० मिलिमीटर व्यासाची, ओबीएसएफ-३० या जातीची.

गेटबद्दल गैरसमज फार. चौकोनी गेटचे कोपरे म्हणजे १, ३, ७, ९. अष्टकोनी गेट लावला की आठही दिशांना खाच जाणवते आणि नवख्याला ते बरे वाटते. पण स्विच लागतो तो दांडा गेटला टेकण्याच्या आधीच. त्यामुळे दर वेळी गेटवर आपटेपर्यंत दांडा नेणे म्हणजे जाण्यायेण्याचा वेळ फुकट. सवय करायची ती स्विचचा ‘टक्’ ऐकून तिथूनच वळण्याची. चार्ज पात्र खेळणाऱ्याने चौकोनी गेट बदलूच नये. १ च्या कोपऱ्यात दांडा टाकून निर्धास्त राहता येते. गोल फेरी लागणाऱ्या पात्रांना अष्टकोनी गेट हाताला गुळगुळीत लागतो, इतकेच.

कोरियन लिव्हर वेगळ्या जातीचा. त्यात स्प्रिंगऐवजी रबराची कडी असते. दांडा जितका दूर न्याल तितका तो मागे ओढतो आणि सोडताच मध्यावर झटकन परततो. टेकनमध्ये कोरियन बॅकडॅश नावाची हालचाल आहे: ४, मध्य, ४, मग १ ला स्पर्श करून पुन्हा ४, असे करत भराभर मागे सरकायचे. मध्यावर लवकर परतणारा दांडा तिथे कामाला येतो. तोच दांडा ‘स्ट्रीट फायटर’च्या अर्धवर्तुळांना काहींना जड लागतो. म्हणजे ‘चांगली स्टिक’ असे सुटे काही नसते. गेम सांगितल्याशिवाय त्या शब्दांना अर्थ नाही.

पकडण्याची पद्धत ज्याची त्याला. दांडा मधले बोट आणि अनामिका यांच्या फटीत घेऊन गोळा तळव्याखाली ठेवणारे आहेत, गोळा वरून चिमटीत धरणारेही आहेत. मनगट मात्र खोक्यावर टेकलेले हवे आणि हालचाल बोटांतून यावी. कोपरापासून हात फिरत असेल तर ६-२-३ मध्ये २ च्या जागी १ जातो.

घेताना झाकण उघडते का ते पाहा. उघडत असेल आणि आत बटणे चिमट्याच्या कनेक्टरने जोडलेली असतील, तर पुढची कित्येक वर्षे निश्चिंती. एक स्विच गेला, एकदा दाबल्यावर दोनदा नोंद होऊ लागली, तर तेवढे बटण बदलायचे: कनेक्टर काढा, आतून बटणाच्या दोन्ही बाजूंचे पंख एकदम दाबा, बटण वर ढकला, नवे खटकन बसते. स्क्रू-ड्रायव्हर घालून वरून उचकटू नका, पॅनेलचा रंग निघतो. सान्वा बटणांना २.८ मिलिमीटरचे कनेक्टर लागतात. अमेरिकी पद्धतीच्या बटणांच्या मायक्रोस्विचना ४.८ मिलिमीटरचे. हे न पाहता तारा मागवल्या की एकही बसत नाही. स्वस्त, छोट्या स्टिकमध्ये स्विच थेट बोर्डावर डाखलेले असतात आणि लिव्हरही बदलता येत नाही. त्यांचे वजनही इतके कमी की जोरात खेळताना खोके मांडीवरून सरकते. दोन-तीन किलोची स्टिक जड वाटते, पण ते वजन तिला जागेवर ठेवते. मिनी स्टिक घेण्यापेक्षा त्याच पैशांत चांगला पॅड घ्यावा, हे माझे स्पष्ट मत.

तिसरा प्रकार लिव्हरलेस. यात दांडा नाहीच. चारही दिशांना चार बटणे. डाव्या हाताची अनामिका मागे, मधले बोट खाली, तर्जनी पुढे, आणि उडी अंगठ्यावर, मधोमध असलेल्या मोठ्या बटणाला. बोटाचा प्रवास काही मिलिमीटरांचा, आणि ४ वरून ६ ला जाताना मध्ये कुठून जावे लागत नाही. पुढे-पुढे दाबून मारायची धाव (डॅश), कोरियन बॅकडॅश, अचूक ब्लॉक यांत हे साधन फार पुढे आहे.

शिकताना नेमके कुठे अडते, ते सांगतो. हदोकेनसाठी २ दाबा, तो दाबलेलाच ठेवून ६ दाबा, मग २ सोडा, आणि पंच. २ आणि ६ दोन्ही एकत्र दाबलेले असतात तोच ३. नवख्याचे बोट २ सोडून मग ६ वर जाते, आणि नोंद होते २-५-६. ३ कुठेच नाही, ठोसा जातो. दोन्ही बटणे किमान एक फ्रेम, म्हणजे १६.६७ मिलिसेकंद, एकत्र दाबलेली राहिलीच पाहिजेत. थोडी जास्त राहिली तर बिघडत नाही. म्हणून सुरुवातीला मुद्दाम जास्त वेळ एकत्र दाबावे आणि नंतर वेग वाढवावा. शोर्युकेनसाठी ६ दाबून सोडा, २ दाबून धरा, पुन्हा ६ आणि त्याच क्षणी पंच. उडीची सवय लागायला सर्वात वेळ जातो, कारण ‘वर’ म्हणजे अंगठ्याने खाली दाबणे हे हाताला पटत नाही. या काळात जुन्या पॅडवर मागे जाऊ नये; दोन्हींत अर्धे अर्धे अडकून राहायला होते.

लिव्हरलेस घेणाऱ्याने एक तांत्रिक गोष्ट समजून घेतलीच पाहिजे. दांडा एका वेळी डावीकडे आणि उजवीकडे जाऊ शकत नाही. बटणे मात्र दोन्ही दाबता येतात. मग कंट्रोलर गेमला काय सांगतो? या नियमाला खेळाडू एसओसीडी म्हणतात. काही कंट्रोलरच्या आतले सर्किट बोर्ड दोन्ही दिशा रद्द करून मध्य पाठवतात, काही शेवटी दाबलेल्या दिशेला मान देतात, तर हिट बॉक्स या लिव्हरलेसच्या जुन्या आवृत्तीत खाली आणि वर एकत्र दाबल्यास वर जिंकत असे. या शेवटच्या प्रकारात खाली धरून मग वर आणि किक अशी मारायची गाइलची फ्लॅश किक फार सोपी होई: खाली धरूनच ठेवायचे आणि किकसोबत नुसता अंगठा मारायचा. शेवटच्या दिशेला मान देणाऱ्या बोर्डावर मागे चार्ज धरून, मागे न सोडता, पुढे आणि पंच दाबले की सोनिक बूम. गेम बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीने ‘स्ट्रीट फायटर ६’च्या अधिकृत स्पर्धांच्या नियमांत असा फायदा ठेवलेला नाही, विरुद्ध दिशा एकत्र आल्या तर एकीलाही झुकते माप मिळता कामा नये. त्यामुळे बोर्ड पहिल्या दिवसापासून ‘मध्य’ या पर्यायावर ठेवून शिकावे. चुकीच्या पर्यायावर बसलेली सवय स्पर्धेच्या आदल्या दिवशी मोडत नाही.

ज्यांना हाताने बनवायची आवड आहे, त्यांच्यासाठी लिव्हरलेस सोपा प्रकल्प आहे. रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड, त्यावर जीपी२०४०-सीई हे मुक्त फर्मवेअर (बोर्ड चालवणारी आज्ञावली), बारा-तेरा बटणे, एक खोके आणि तारा. प्रत्येक बटणाची एक तार ठरलेल्या पिनला आणि दुसरी एका बटणावरून दुसऱ्यावर फिरवत शेवटी ग्राउंडला. बोर्डावरचे बूटसेल बटण दाबून धरून यूएसबी लावली की संगणकावर ड्राइव्ह दिसतो. फर्मवेअरची फाइल त्यात टाकायची, बोर्ड आपोआप पुन्हा सुरू होतो. पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. दिव्यांसाठीची ५ व्होल्टची तार चुकून पिनला लागली तर बोर्ड जळू शकतो. एखादे बटण सतत दाबलेले दिसत असेल तर त्याची तार ग्राउंडला शिवते आहे. एका बटणापासून पुढची सगळी बटणे मेली असतील तर ग्राउंडची साखळी मध्येच तुटली आहे.

संगणकावर खेळणाऱ्यांनी आधी आपला कीबोर्ड वापरून पाहावा. तोही लिव्हरलेसच आहे, फक्त मांडणी वेगळी. आणि उडी स्पेसबारवर घेतली तर अंगठ्याची सवयही इथेच लागते. स्वस्त मेम्ब्रेन कीबोर्डची अडचण अशी की काही तीन कळा एकत्र दाबल्या की तिसरी नोंदच होत नाही. ३ आणि एक पंच म्हणजेच तीन कळा झाल्या, जोड बटणांत चार. नोटपॅड उघडून आपल्या चार कळा एकदम दाबा. चारही अक्षरे उमटली नाहीत तर कळा बदला किंवा पूर्ण रोलओव्हरचा, म्हणजे कितीही कळा एकत्र नोंदवणारा, कीबोर्ड घ्या.

हाताला काही शारीरिक मर्यादा असलेल्यांचा उल्लेख अशा लेखांत सहसा नसतो, तो असावा. एक्सबॉक्स अॅडॅप्टिव्ह कंट्रोलर २०१८ पासून आणि प्लेस्टेशनचा अॅक्सेस कंट्रोलर २०२३ पासून उपलब्ध आहे. दोन्हींना ३.५ मिलिमीटरच्या खाचांतून बाहेरचे स्विच जोडता येतात. म्हणजे दिशा पायाखाली, उडी कोपराजवळ, अशी मांडणी शरीराप्रमाणे करता येते.

विलंबाबद्दल लेखात भीती जास्त दाखवली आहे. यूएसबीवर कंट्रोलरला सेकंदाला १००० वेळा विचारणा होत असेल तर दोन विचारणांत १ मिलिसेकंद, १२५ वेळा होत असेल तर ८ मिलिसेकंद. म्हणजे वाईटात वाईट अर्धी फ्रेम. याउलट टीव्ही गेम मोडवर नसेल तर चित्रच काही फ्रेम उशिरा दिसते, आणि कुठलाही कंट्रोलर ते भरून काढू शकत नाही. आधी टीव्हीचे सेटिंग बदला, तार लावून खेळा, मग कंट्रोलरला दोष द्या.

सर्वात जास्त पैसे वाया जातात ते यंत्राशी न जुळल्याने. प्लेस्टेशन ४ चा पॅड प्लेस्टेशन ५ च्या गेममध्ये चालत नाही. जुन्या परवानाधारक आर्केड स्टिक चालू शकतात, पण गेमने तशी सोय ठेवलेली असावी लागते, म्हणून गेमची सेटिंग आधी तपासावी. प्लेस्टेशन ४ वर विनापरवाना बोर्ड सुरुवातीला छान चालतो आणि ८ मिनिटांनी तुटतो. दुकानात पाच मिनिटे खेळून पाहणाऱ्याला हे कळतच नाही. एक्सबॉक्सने २०२३ च्या नोव्हेंबरपासून विनापरवाना साधने अडवायला सुरुवात केली. एका यंत्राचे साधन दुसऱ्याला जोडणारा कन्व्हर्टर घेतला तर कन्सोलच्या एखाद्या अपडेटनंतर तो बंद पडू शकतो, आणि कंपनी त्याचे फर्मवेअर नवे देईपर्यंत थांबावे लागते. संगणकावर यातले बहुतेक प्रश्न नाहीत. खोक्यावर ‘सर्व यंत्रांसाठी’ असे छापलेले असले तरी आपल्या कन्सोलचे नाव आणि आपल्या गेमचे नाव, दोन्ही स्वतंत्रपणे पडताळावे.

स्पर्धेला जाणार असाल तर आणखी तीन गोष्टी. टर्बो (एक बटण धरले की आपोआप भराभर दाबले जाणे) आणि मॅक्रो (एका बटणावर अनेक हालचाली) बंद असले पाहिजेत, किंवा ते नसलेलेच साधन घ्यावे. विराम आणि होम बटण बंद करणारी कळ असावी, कारण चुकून सामना थांबला तर बहुतेक स्पर्धांत ती फेरी जाते. आणि बिनतारी पॅड वापरून झाला की कन्सोलच्या ब्लूटूथ यादीतून काढून टाकावा; नाहीतर पिशवीत बटण दाबले जाते आणि मंचावर दुसऱ्याचा सामना थांबतो.

खरेदीआधीची चाचणी साधी आहे. मित्राकडे किंवा दुकानात साधन हातात घ्या, गेमच्या सराव कक्षात जा, इनपुट दाखवणारी पट्टी सुरू करा. आपले पात्र डावीकडे ठेवून वीस हदोकेन आणि वीस शोर्युकेन, मग बाजू बदलून तेवढेच. किती आले ते मोजण्यापेक्षा चुकलेल्यांच्या पट्टीत काय दिसते ते वाचा. ३ गायब असेल तर कोपरा निसटतो आहे. शेवटी ९ असेल तर जोर जास्त. दिशा बरोबर आणि बटण आधी गेले असेल तर दोन्ही हातांचा मेळ नाही, त्यात साधनाचा दोष नाही आणि ते बदलून फरक पडणार नाही. एकाच बाजूला सगळ्या चुका असतील तर पकड तपासा. जे साधन पहिल्या अर्ध्या तासात जास्त हदोकेन देते ते बहुधा तुम्ही आधीपासून वापरता तेच असते. म्हणून नव्या साधनात पाहायचे ते इतकेच की चुका एकाच प्रकारच्या आहेत की रोज वेगळ्या. एकाच प्रकारच्या असतील तर सरावाने जातात.

एक विनंती. आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी कंट्रोलरची माहिती छापाल तेव्हा प्रत्येकापुढे चार रकाने जरूर असावेत: कोणत्या कन्सोलवर चालते, दर्शनी बटणे किती, भाग बदलता येतात का, आणि विरुद्ध दिशांचा नियम बदलता येतो का. दिव्यांच्या रंगांसाठी गेलेल्या जागेत हे चार रकाने सहज बसतील.

आपला,
एक नियमित वाचक